सलईच्या जंगलापासून घरच्या रद्दीपर्यंत : नेपानगरच्या कागद कारखान्याची वाटचाल

भुसावळहून खांडव्याकडे रेल्वेने जाताना बुऱ्हाणपूरनंतर असीरगड रोड, चांदनी आणि मग नेपानगर लागते. बुऱ्हाणपूर हे सहाशे वर्षांचे शहर. फारुकी सुलतानांनी ते वसवले, मोगलांनी दक्षिणेच्या कारभाराचे ठाणे केले, आणि रावेर-मुक्ताईनगरच्या माणसाला ते आजही परके वाटत नाही. नेपानगर त्या मानाने अगदी अलीकडचे. कारखाना आधी आला आणि गाव त्याच्याभोवती वाढले. ‘न्यूजप्रिंट’ आणि ‘पेपर’ यांच्या आद्याक्षरांतून कारखान्याचे नाव ‘नेपा’ झाले आणि गावालाही तेच मिळाले. वर्तमानपत्राचा कागद भारतात पहिल्यांदा इथे तयार झाला.

या कारखान्याची पहिली काही दशके सातपुड्याच्या जंगलावर गेली. पुढे जंगल पुरेना, तेव्हा त्याने जुन्या कागदाची वाट धरली. आज त्याचा कच्चा माल डोंगरात नाही, घराघरांत आहे. माळ्यावर, कपाटाखाली, दाराआड सुतळीने बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांत तो पडून आहे. म्हणून नेपाची वाटचाल सांगायची तर घरातल्या रद्दीची वाटचालही सोबत सांगावी लागते. रद्दी कोण गोळा करतो, कशी वेगळी करतो आणि ती गिरणीच्या दारात कोणत्या अवस्थेत पोहोचते, यावर या संस्थेचे पुढचे दिवस ठरणार आहेत.

नागपूरच्या सरकारने हाती घेतलेले काम

दुसऱ्या महायुद्धात वर्तमानपत्रांचे कागदावाचून फार हाल झाले. न्यूजप्रिंट सगळा परदेशातून येई. जहाजे अडकली, आयात आटली आणि पानांवर सरकारी मर्यादा आल्या. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला आपल्या वर्तमानपत्रांसाठी स्वतःचा कागद हवा, ही जाणीव त्या टंचाईतून पक्की झाली. १९४७ मध्ये नायर प्रेस सिंडिकेट या खाजगी संस्थेने ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही कंपनी स्थापन केली. जागा निवडली ती निमाडात. जवळ बांबू आणि सलईचे जंगल, तापीचे खोरे आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्ग, असा तिहेरी विचार त्यामागे होता.

काम मोठे होते आणि भांडवल तोकडे पडले. १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने कंपनीचा कारभार हाती घेतला. त्या सरकारची राजधानी नागपूर होती आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. वऱ्हाड, नागपूर आणि निमाड तेव्हा एकाच प्रांतात होते. म्हणून नेपाच्या पहिल्या उभारणीत नागपूरच्या सचिवालयाचा मोठा वाटा आहे. मराठी वाचकांनी हे लक्षात ठेवावे असे आहे, कारण पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या आणि ही गोष्ट आपल्या स्मरणातून निसटली.

२६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने कंपनीत निर्णायक वाटा घेतला. तेव्हापासून नेपा हा केंद्राचा सार्वजनिक उपक्रम आहे.

सलई आणि बांबू

थंड देशांत न्यूजप्रिंट स्प्रूस आणि फरच्या लाकडापासून होतो. ती झाडे आपल्याकडे फक्त हिमालयात, तीही पोहोचायला अवघड अशा ठिकाणी. मग निमाडच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या सलईचा विचार पुढे आला. सलईचा डिंक धुपासाठी वापरतात हे गावोगाव माहीत होते. तिच्या हलक्या, मऊ लाकडाचा लगदा वर्तमानपत्राच्या कागदाला चालेल का, याचे प्रयोग डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत झाले. उत्तर आशादायक निघाले, पण एक अडचण उरली. सलईचा तंतू आखूड असतो. नुसत्या सलईचा कागद छपाईयंत्राच्या वेगाला टिकत नाही. त्यावर उपाय म्हणून बांबूचा रासायनिक लगदा त्यात मिसळायचे ठरले. दळलेल्या सलईने कागदाला जाडी आणि शाई शोषण्याचा गुण दिला, शिजवलेल्या बांबूने ताकद दिली.

या मिश्रणावर नेपा उभी राहिली. सुरुवातीची क्षमता वर्षाला ३०,००० टनांची होती. टप्प्याटप्प्याने ती ७५,००० आणि पुढे ८८,००० टनांपर्यंत गेली. चांदनीच्या औष्णिक केंद्रातून वीज मिळे. कारखान्याभोवती कामगार वसाहत, शाळा, रुग्णालय उभे राहिले. मराठी, हिंदी, निमाडी आणि कोरकू बोलणारी माणसे एका भोंग्यावर कामाला जाऊ लागली.

१९६२ च्या न्यूजप्रिंट नियंत्रण आदेशानंतर कागदाचे वाटप सरकारी कोट्याने होऊ लागले. कोणत्या पत्राला किती कागद मिळणार, त्यातला देशी किती आणि आयात किती, हे दिल्लीत ठरे. त्याच धोरणातल्या पानांच्या मर्यादेविरुद्ध बेनेट कोलमन कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७२ मध्ये न्यायालयाने ती मर्यादा घटनाबाह्य ठरवली. कागदाचा प्रश्न हा विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न आहे, हे त्या निकालाने देशाला शिकवले. या साऱ्या काळात देशात तयार होणारा न्यूजप्रिंट म्हणजे नेपाचाच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात भद्रावतीला, केरळात वेल्लूरला आणि पाठोपाठ तामिळनाडूत उसाच्या चिपाडावर चालणारा असे नवे कारखाने आले. तोवर जवळपास पंचवीस वर्षे हे ओझे नेपानगरने एकट्याने वाहिले.

जंगल आटले, बाजार उघडला

कंपनीचे नाव १९८९ मध्ये ‘नेपा लिमिटेड’ झाले. त्याच सुमारास तिच्या पायाखालची जमीन दोन बाजूंनी सरकू लागली होती.

पहिली बाजू जंगलाची. तोडलेली सलई पुन्हा उभी राहायला वर्षानुवर्षे लागतात. बांबू फुलावर आला की रानच्या रान वाळते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्पष्ट सांगितले की जंगल हे आधी पर्यावरणासाठी आणि भोवतालच्या लोकांच्या गरजांसाठी आहे. उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या मदतीने स्वतः उभा करावा, सवलतीच्या दराने वनोपज मागू नये. ही नीती योग्यच होती. तिचा भार मात्र नेपासारख्या जंगलावर बेतलेल्या कारखान्यांवर पडला.

दुसरी बाजू बाजाराची. १९९५ मध्ये न्यूजप्रिंटवरचे नियंत्रण उठले आणि आयात खुली झाली. कॅनडा, रशिया, युरोपचा पांढरा, मजबूत कागद वर्तमानपत्रांना थेट मिळू लागला. चाळीस वर्षांची यंत्रे, चढे वीजदर आणि दूरवरून आणायचा कच्चा माल घेऊन नेपाला त्याच्याशी टक्कर द्यायची होती. नव्वदीच्या उत्तरार्धात कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली.

याच कोंडीत कारखान्याने लाकूड-बांबू मागे टाकून जुन्या कागदाचा लगदा जवळ केला. एके काळी जे वर्तमानपत्र नेपाच्या कागदावर छापले जाई, तेच वाचून झाल्यावर नेपाच्या दारात कच्चा माल म्हणून येऊ लागले.

छापलेला कागद कोरा कसा होतो

छापील कागदातून शाई काढून नवा कागद करण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत गॉटिंगेनचे युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली, आणि इंग्लंडमध्ये मॅथियस कूप्स यांनी १८०० मध्ये त्याचे पेटंट घेतले. मोठ्या प्रमाणावर हे काम करणारी यंत्रे विसाव्या शतकात आली.

गिरणीत रद्दीचे गठ्ठे आधी मोठ्या फिरत्या भांड्यात, पल्परमध्ये पडतात. गरम पाणी, कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबणासारखी द्रव्ये यांत कागद भिजतो आणि घुसळला जातो. तंतू सुटे होतात, शाईचे कण त्यांच्यापासून वेगळे होतात. पुढे चाळण्या आणि भोवरे लावतात. स्टेपलच्या पिना आणि वाळू जड म्हणून खाली बसतात, प्लास्टिकचे तुकडे चाळणीवर अडकतात. मग पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. शाईला पाण्याचे वावडे असल्याने ती बुडबुड्यांना चिकटते, वर येते आणि काळा फेस होऊन कडेने काढली जाते. खाली राहतो तो करडा-पांढरा लगदा.

ही क्रिया जितकी सुबक, तितकी नाजूक. पुस्तकाच्या पाठीचा डिंक, लिफाफ्याचे चिकट टोक, स्टिकरचा मागचा थर यांचे चिकट गोळे चाळणीतून निसटतात. यंत्राच्या जाळीवर ते बसले की कागदाला भोक पडते आणि धावता ताव तुटतो. तुटलेला ताव पुन्हा लावेपर्यंत यंत्राचे उत्पादन वाया. तेलाने भिजलेला वडापावचा कागद, लॅमिनेशन केलेले कव्हर, मेण लावलेला कप यांतले काहीही रद्दीत मिसळले, तर त्याचा त्रास यंत्राला होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या निमाडासाठी विशेष महत्त्वाची आहे. वर्तमानपत्राच्या शाईत बऱ्याचदा वनस्पती तेले असतात. उन्हाळ्याच्या उष्णतेत आणि हवेत ती घट्ट होत जातात आणि शाई तंतूला घट्ट धरून बसते. महिन्यापूर्वीचा पेपर सहज स्वच्छ होतो. दोन उन्हाळे माळ्यावर काढलेला पेपर कितीही घुसळला तरी करडाच राहतो. शिवाय न्यूजप्रिंटमध्ये लाकडातले लिग्निन असते, त्यामुळे उन्हात ठेवलेला पेपर पिवळा पडतो. माळ्यावर साठवून ठेवलेली रद्दी म्हणजे साठवलेले धन, ही आपली समजूत गिरणीच्या दृष्टीने चुकीची आहे.

बंद यंत्रे आणि नवी सुरुवात

कारखाना पुन्हा उभा करायचा तर शाई काढणारी नवी यंत्रणा आणि दुरुस्त केलेली कागदयंत्रे हवी होती. २०१२ मध्ये केंद्र सरकारने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. काम रेंगाळले, खर्च वाढला. नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये उत्पादन थांबले. भोंग्यावर चालणाऱ्या गावाला ती वर्षे फार कठीण गेली. कारखाना बंद म्हणजे दुकानाची उधारी बंद, घराचे भाडे थकले, मुलांनी शिक्षणासाठी आणि कामासाठी इंदूर, सुरत, पुणे गाठले. २०१८ मध्ये सुमारे ४६९ कोटी रुपयांच्या सुधारित आराखड्याला मंजुरी मिळाली आणि कामाला वेग आला.

२३ ऑगस्ट २०२२ रोजी तत्कालीन अवजड उद्योगमंत्री महेंद्रनाथ पांडे यांच्या हस्ते कारखाना पुन्हा सुरू झाला. नव्या रचनेत क्षमता वर्षाला एक लाख टनांच्या घरात आहे. वर्तमानपत्राच्या कागदाबरोबर लिहिण्या-छापण्याचा कागदही करता येईल अशी सोय आहे, आणि सगळा पाया रद्दीचा आहे.

यंत्रे नवी झाली, पण परिस्थिती सोपी झालेली नाही. करोनाच्या काळापासून वर्तमानपत्रे कमी छापली जातात, पाने घटली आहेत. त्याचा फटका नेपाला दुहेरी बसतो. वर्तमानपत्र हे तिचे गिऱ्हाईक आहे आणि तेच तिचा कच्चा मालही आहे. पेपर कमी विकले गेले की कागदाची मागणी घटते आणि काही महिन्यांनी रद्दीही घटते. उलट ऑनलाइन खरेदीमुळे घरात पुठ्ठ्याची खोकी वाढली आहेत. त्या तपकिरी पुठ्ठ्यातून पांढरा कागद होत नाही.

एका दिवसाची भूक

वर्षाला एक लाख टन म्हणजे दिवसाला सरासरी पावणेतीनशे टन. शाई, पिना, माती, तुटके तंतू वजा जातात, म्हणून प्रत्यक्ष रद्दी त्याहूनही जास्त लागते. आता घरचा हिशेब मांडून पाहू. रोज एक वर्तमानपत्र घेणाऱ्या घरात महिन्याला ढोबळमानाने दोन किलो रद्दी साठते. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर शहराची लोकसंख्या दोन लाख दहा हजारांच्या वर होती. घरटी पाच माणसे धरली तर बेचाळीस हजार घरे. या प्रत्येक घरात पेपर येतो आणि एकाही घराने रद्दी वाया घालवली नाही असे मानले, तरी महिन्याची रद्दी भरते चौऱ्याऐंशी टन. नेपाच्या यंत्राची ती जेमतेम एक पाळी.

म्हणजे एकट्या बुऱ्हाणपूरच्या रद्दीवर नेपा चालणार नाही. खांडवा, जळगाव, भुसावळ, इंदूर, नाशिक, अकोला, नागपूर अशा साऱ्या टापूतून नीट वेगळा केलेला, कोरडा, ताजा कागद एकत्र आला तरच या कारखान्याला देशी मालावर उभे राहता येईल. भारतात वापरलेल्या कागदापैकी निम्म्याहून कमी कागद पुन्हा गिरण्यांपर्यंत पोहोचतो. उरलेला कागद कचरा डेपोत जातो, चुलीत जळतो किंवा ओल्या कचऱ्यात भिजून सडतो. आणि त्याच वेळी आपल्या गिरण्या अमेरिका-युरोपातून जहाजे भरभरून रद्दी विकत आणतात.

रद्दीच्या दुकानात

आपल्या शहरात रद्दी गोळा करण्याची जी व्यवस्था आहे, ती कोणत्याही सरकारने उभारलेली नाही. हातगाडीवर, सायकलवर किंवा हल्ली ई-रिक्षावर रद्दीवाला गल्लीत येतो. मराठी घर त्याला रद्दीवाला किंवा भंगारवाला म्हणते, शेजारचे हिंदी घर कबाडी म्हणते. दाराशी वजन होते, भावावरून थोडी घासाघीस होते, पैसे हातात पडतात. त्याचा गठ्ठा संध्याकाळी मोहल्ल्यातल्या दुकानात जातो.

दुकानात खरे काम सुरू होते. वर्तमानपत्रे एका बाजूला, वह्या-पुस्तके दुसऱ्या बाजूला, गुळगुळीत मासिके तिसरीकडे, पुठ्ठा चौथीकडे. वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरे फाडून काढतात. फायलींच्या क्लिपा उपटतात. मासिकांचाही गिरणीला उपयोग असतो. त्यांच्या कागदावर चिनीमातीचा लेप असतो आणि ती माती शाईला बुडबुड्यांसोबत वर यायला मदत करते, म्हणून वर्तमानपत्रांबरोबर काही प्रमाणात मासिके टाकण्याची पद्धत आहे. ओला गठ्ठा हाताला लगेच कळतो. ओल्या मालाचे वजन कापतात, कारण पुढच्या गोदामात तेवढेच वजन दुकानदाराचेही कापले जाणार असते. गोदामात निवड पुन्हा होते आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. मग दाबयंत्रात गठ्ठे बांधून ट्रक गिरणीकडे जातो.

या साखळीतला प्रत्येक माणूस कागदाची किंमत थोडी थोडी वाढवतो. घरात मिसळलेला कागद तो वेगळा करतो, आणि वेगळा केल्यानेच तो गिरणीला चालतो. तरीही पालिकेच्या कागदोपत्री त्याचे नाव क्वचितच असते. त्याला बसायला जागा नाही, पावसाळ्यात माल झाकायला छप्पर नाही.

इतर ठिकाणी काय करतात

जपानमध्ये जुने पेपर, मासिके, पुठ्ठा आणि दुधाचे कागदी डबे वेगवेगळे बांधून ठरलेल्या दिवशी ठेवायचे असतात. तिथे गल्लीतून फिरणारी गाडी जुन्या पेपरांच्या बदल्यात टॉयलेट पेपर देत असे. शाळेची मुले आणि मोहल्ल्याची मंडळे मिळून कागद गोळा करतात आणि त्यातून उपक्रमांना पैसे उभे करतात. जर्मनीत कागदासाठी निळा डबा असतो आणि त्यात उष्टे अन्न टाकणे समाजाला मान्य नाही. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी बीथोवेनची धून वाजवत येते आणि लोक स्वतः खाली उतरून वेगळा केलेला कचरा वेगवेगळ्या गाड्यांत टाकतात. तैपेई शहराने २००० सालापासून ठरलेल्या पिशव्या विकत घेण्याची पद्धत लावली. जेवढा मिसळलेला कचरा टाकाल, तेवढे पैसे भराल.

उलटे उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी सोयीसाठी काच, प्लास्टिक, कागद सगळे एका डब्यात घेतले. काच फुटून कागदात रुतली, उष्ट्याने कागद भिजला. वर्षानुवर्षे हा माल चीन घेत होता. २०१८ च्या आरंभी चीनने न निवडलेला कागद घेणे बंद केले आणि अमेरिकेतल्या पालिकांची त्रेधा उडाली. त्यातला बराच माल मग भारतासारख्या देशांकडे वळला. आपल्या गिरण्यांत परदेशी रद्दीच्या गठ्ठ्यांबरोबर प्लास्टिकचा कचराही येतो, तो याच कारणाने.

घराजवळची दोन उदाहरणे मला सर्वांत मोलाची वाटतात. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांना पालिकेचे ओळखपत्र मिळाले, पुढे आरोग्यविमा मिळाला. २००७ मध्ये याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा घेण्याचे काम, त्याचे शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून मिळणारे उत्पन्न हे सारे त्यांच्या हक्काचे झाले. ज्या हातांना कागद ओळखता येतो, त्याच हातांना व्यवस्थेने मान दिला.

दुसरे उदाहरण इंदूरचे. रस्त्यांवरच्या कचराकुंड्या उठवून त्या शहराने घरातच ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असा सहा प्रकारे वेगळा घ्यायला सुरुवात केली. २०१७ पासून २०२३ पर्यंत ते सलग देशातल्या स्वच्छ शहरांत पहिले ठरले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस करणारा दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. कचरा घरात वेगळा झाला नसता, तर तो प्रकल्प उभाच राहिला नसता. नेपाचीही गरज नेमकी हीच आहे.

आपल्याला काय करता येईल

सामूहिक काम बुऱ्हाणपूरला नवे नाही. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात सातपुड्यातले पाणी भूमिगत बोगद्यांतून या शहरात आणले गेले. तो कुंडी भंडारा आजही पाणी देतो आहे. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला. गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून ते काम तपासले होते. त्यानंतर सुमारे महिन्याभराने नेपाची यंत्रे पुन्हा सुरू झाली. पाण्यासाठी जो जिल्हा घरोघरी पोहोचू शकला, तो कागदासाठीही पोहोचू शकतो.

पालिकेने रद्दीवाल्यांची नोंद करावी, त्यांना ओळखपत्र द्यावे, सुक्या कचऱ्याच्या केंद्रात निवडीसाठी छप्पर असलेली जागा द्यावी. नेपाने आपल्या टापूतल्या गोदामांशी आणि रद्दीवाल्यांच्या संघटनांशी थेट, वेळेवर पैसे देणारा करार करावा. शाळांनी एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर जुन्या वह्या गोळा करण्याचा दिवस ठरवावा. सरकारी कचेऱ्यांची निकाली निघालेली रद्दी लिलावात पडून राहण्याऐवजी थेट नेपाकडे यावी.

आणि आपण घरात काय करावे, ते तर अगदी साधे आहे. पेपर ओल्या कचऱ्यापासून वेगळा आणि कोरडा ठेवा. तेलकट कागद, प्लास्टिकचे वेष्टण, स्टिकर त्यात घालू नका. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे, ती पाळा. त्यात आपल्या पोटाचेही भले आहे. पालापाचोळ्याबरोबर कागद जाळू नका. आणि रद्दी उन्हाळाभर माळ्यावर साठवू नका. दर महिन्याला रद्दीवाल्याला द्या, त्याच्याशी माणुसकीने बोला, दोन रुपयांसाठी फार ताणू नका. नेपानगरने देशाला पहिला न्यूजप्रिंट दिला. तो कारखाना चालता ठेवण्यासाठी त्याला आता लागतो तो कागद आपल्याच घरात आहे. तो स्वच्छ आणि वेळेवर द्या.